मदत हवी आहे: नावात कोट (') आला की एन्ट्री सेव्हच होत नाही (अर्जंट)

कापूसकोंड्या: भावाच्या कृषी सेवा केंद्रात स्टॉकचा प्रोग्राम आहे. मालाच्या नावात ' टाकला की एरर. बाकी सगळं चालते. खरिपाचा माल उतरून रायला, लवकर सांगा.

वर्धेकर: कशात बनवलाय? डेटाबेस कोणता? एरर नेमका काय?

कापूसकोंड्या: ब्राउझरमध्ये उघडते. सिंटॅक्स एरर म्हणते. बनवणारा पुण्याले गेला, फोन उचलत नाही.

जुनं खोड: पीएचपी असंल, वेबसाइट बनवायची भाषा. एसक्यूएल म्हंजे डेटाबेसची भाषा, तिले कोट दिसला की नाव तिथंच संपलं वाटते. एका कोटाचे दोन करा, एसक्यूएल त्याले एकच समजते. आमच्या वेळी पीएचपीत मॅजिक कोट्स होतं, कोटाआधी उलटा स्लॅश (\) आपोआप लागायचा.

वर्धेकर: काका, ते पीएचपी ५.४ मध्ये, २०१२ सालीच काढून टाकलं. नको तिथं उलटे स्लॅश साचायचे. आणि मायएसक्यूएल डेटाबेसात कोट झाकायला उलटा स्लॅशही चालतो, नुसते दोन कोट पुरत नाहीत. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं, मजकूर वेगळा पाठवायचा.

जुनं खोड: म्हणजे चालू दुकानात सगळा कोड उकरा!

शिवारफेरी: पण मालाच्या नावात कोट येतेच काहून?

कापूसकोंड्या: फूट ना बाप्पा! ताडपत्री १२' x १८'. पाईप ३" सेव्ह होते, पण दुरुस्तीले उघडला की नुसता ३ दिसते.

वर्धेकर: हे आधी सांगायचं! तो आजार वेगळा. डेटाबेसात नाव बरोबर आहे, फॉर्मच्या चौकटीत तुमच्या इंचाच्या खुणेनं (") एचटीएमएलचा, म्हणजे पान दाखवणाऱ्या कोडचा, कोट बंद होतो. एचटीएमएलस्पेशलचार्स लावा, पीएचपीचं हे फंक्शन अशा खुणा पानासाठी सुरक्षित करतं. दाखवताना लावा, साठवताना नाही. आणि तोवर तिथून सेव्ह करू नका, नाव खरंच ३ होऊन बसेल.

शिवारफेरी: कायले डोकं खपवता? पाईप मिमीत लिहा. २ इंची ६३, अडीच ७५, ३ इंची ९०.

कापूसकोंड्या: ताडपत्री कोण मिमीत मागते भाऊ?

ओलीत: स्प्रिंकलरच्या सबसिडीचा अर्ज महाडीबीटीवरच करावा लागते ना?

वर्धेकर: हो, पण त्याचा वेगळा धागा काढा. कापूसकोंड्या, नवी नोंद घालणाऱ्या इन्सर्टच्या ओळीत डेटाबेसशी बोलायला मायएसक्यूएलआय वापरलंय की पीडीओ? दोन्हींत प्रिपेअर्ड स्टेटमेंट जमतं.

कापूसकोंड्या: फाईल उघडली. नुसतं मायएसक्यूएल क्वेरी लिहून आहे, आय-बीय काही नाही.

वर्धेकर: अरे देवा. ती जुनी पद्धत २०१५ च्या पीएचपी ७ मध्ये काढून टाकली. त्यात प्रिपेअर्ड जमणार नाही. सध्या बॅकअप घेऊन मायएसक्यूएल रिअल एस्केप स्ट्रिंग लावा, ते फंक्शन कोटाआधी उलटा स्लॅश टाकतं, हंगाम सरला की कोड बदला.

जुनं खोड: मंग मी काय वेगळं सांगून रायलो होतो?