सासूबाईंचं औषध दशांशात धरायचं की नाही?

नगरची लेक:
जय ख्रिस्त. आमच्याकडे दर महिन्याच्या एक तारखेला एक ठरलेला वाद होतो, तो तुमच्यापुढे ठेवते.

यजमानांचा पगार बासष्ट हजार. तो जमा झाला की आधी त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, सहा हजार दोनशे मंडळीच्या (चर्चच्या) लिफाफ्यात. लिफाफ्यावर रकाने छापलेत: दशांश, उपकारस्तुती, सुवार्ताकार्य, इमारत निधी. मग घराचा हप्ता, मुलीची फी, आणि शेवटी सासूबाईंची औषधं. शुगर, बीपी, त्यात आता किडनीचं दुखणं. महिन्याला साडेचार-पाच हजार जातात. वीस तारखेनंतर मेडिकलवाल्याकडे उधारी.

माझं म्हणणं, औषधांचे पैसे दशांशातून वळते करावेत आणि उरतील ते मंडळीला द्यावेत. आजारी म्हातारीचं औषध देवाला पोचत नाही का? यजमान म्हणतात, "देवाच्या वाट्यात हात घालायचा नाही." बोला.

निवृत्त मास्तर:
ताई, राग मानू नका, पण यजमानांचं बरोबर आहे. दशांश आपला नसतोच, ज्याचा त्याला परत करायचा असतो. आईला औषध आणणं हे मुलाचं कर्तव्य, त्यात दान कसलं? बायबलात मलाखी ३:१० मध्ये दशांश भांडारात आणायला सांगितलंय, मेडिकलमध्ये नाही.

माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. पगार हातात आला की आई आधी दहावा हिस्सा पत्र्याच्या डब्यात टाकायची, वाण्याची यादी नंतर. आम्ही पाच भावंडं, कुणी उपाशी झोपलं नाही. आज आईचं औषध, उद्या मुलाचा क्लास, परवा इन्व्हर्टर. देवाच्या हातावर मग नुसत्या पावत्याच ठेवा.

भाकरतुकडा:
मास्तर, मलाखी उघडलात तसा मार्क ७ पण उघडा. आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हटलं की मुलगा जबाबदारीतून सुटला, अशी सोय परूशी-शास्त्र्यांनी, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांनी, करून ठेवली होती. प्रभूने त्यांना नेमकं त्यावरूनच झापलं. जुन्या करारातल्या 'अनुवाद' पुस्तकाच्या १४ व्या अध्यायाच्या शेवटी बघा, दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा. लेवी (मंदिराची सेवा करणारे), परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. ताई, सासरे आहेत का?

नगरची लेक:
नाहीत. जाऊन बरीच वर्षं झाली.

भाकरतुकडा:
मग झालं की. विधवा घरातच आहे.

निवृत्त मास्तर:
मार्क ७ आम्हीही संडे स्कूलला शिकवलाय. तिथला मुलगा आईबापांना काहीच देत नाही आणि वर देवाचं नाव पुढे करतो. इथला मुलगा औषधही आणतो, दशांशही देतो. आणि अनुवादातली विधवा म्हणजे जिला कुणी नाही ती. जिचा मुलगा कमावता आहे, तिचा भार मंडळीवर टाकू नये, हे १ तीमथ्य ५ मध्ये स्पष्ट आहे. ओढाताण होते तर बाकीच्या खर्चाला कात्री लावा. मोबाईलचे प्लॅन, हॉटेलं, हे कुणी बोलत नाही. पहिली कात्री देवालाच का?

नगरची लेक:
हॉटेल मुलीच्या वाढदिवसाला, तेही डोसा. बाकी खर्चाची वही दाखवू का मास्तर?

वसईकर:
आम्ही कॅथोलिक, आमच्यात दशांशाचं बंधन नाही. कॅनन लॉच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या कायद्याच्या, २२२ व्या कलमात चर्चच्या गरजांना हातभार लावा असं आहे, टक्का दिलेला नाही. त्यामुळे एक तारखेचं भांडण होत नाही हे खरं, पण पुष्कळ घरांत लिफाफ्यात पन्नासची नोट जाते आणि लग्नात हॉल, बँड, केटरिंगला लाखोंचा चुराडा होतो, हेही खरं. तेव्हा टक्का नसला की माणूस मनापासून देतो, असं काही नाही.

मला मात्र आमच्या जुन्या लोकांची दुसरी वाट पटते. १९१८ मध्ये इथे कॅथोलिकांची सहकारी पतसंस्था सुरू झाली, तीच पुढे बॅसीन कॅथोलिक बँक झाली. अडल्यानडल्याला कर्ज मिळायला लागलं की हात पसरावा लागत नाही. ताईंची वीस तारखेनंतरची उधारी हा प्रश्न दशांशाचा कमी आणि मंडळीत अशी काही सोय नसण्याचा जास्त आहे.

पाळकाची मुलगी:
सगळे देणाऱ्याच्या बाजूने बोलताय. लिफाफा उघडल्यावर पुढे काय होतं ते मी सांगते.

लहान गावातल्या मंडळीत तीस-चाळीस घरं. त्यातली दशांश देणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, ती पण शहरात नोकरीला गेलेल्यांची. पाळकाचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूचा, पगार त्यातूनच. दिवाळीनंतर मंडळीत चणचण असली की आमच्या घरात पप्पांचा पगार मागे पडायचा, आणि मम्मीची औषधं पण उधारीवरच यायची. तेव्हा ताई, तुमचे साडेचार हजार वळते झाले तर कुठल्यातरी पाळकाच्या घरी तेवढे कमी पडतील. ते घर तुम्हाला दिसत नाही, एवढंच.

मग तूट भरून निघायची कापणीच्या सणाला. उपासना झाली की वेदीपुढचा माल बाहेर मांडवात यायचा: बाजरीची कणसं, लिंबं, गावरान कोंबडी, अंडी. लिलाव सुरू. एक भोपळा पाचशेला जायचा, घेणारा तो परत मंडळीला द्यायचा, पुन्हा बोली, आता आठशे. तिसऱ्या फेरीला दोन सख्खे चुलतभाऊ ईर्षेला पेटायचे आणि भोपळा दोन हजारांवर. टाळ्या. डाव्या हाताला कळू नये वगैरे वचन त्या दिवशी कुणाला आठवत नाही. पण त्या ईर्षेवर आमची शाळेची फी भरली गेली, म्हणून मी नावं ठेवणार नाही.

अमेरिकन मराठी मिशन होतं तोवर पगाराला परदेशचा आधार होता. १९१७ मध्ये कवी ना. वा. टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा मिशनबाहेरचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, तेव्हापासून आपण स्वावलंबी मंडळी म्हणतोय. स्वावलंबनाचे पैसे कुणाच्या तरी घरातूनच येणार ना?

भाकरतुकडा:
टिळकांचं नाव काढलंत म्हणून. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, समोरच्याला देऊन मोकळे. त्यांचं उदारपण सगळ्यांना ठाऊक आहे. घर चालवताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची काय ओढाताण झाली ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळली. आपल्यात देणारा पुरुष असतो आणि भागवणारी बाई. ताईंच्या घरात तेच चाललंय.

निवृत्त मास्तर:
माझ्या घरी डब्यात पैसे टाकणारी आईच होती, हे वर लिहिलंय.

हिशेबनीस:
मध्येच एक रूक्ष मुद्दा. मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला असेल तर त्याला धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब द्यावे लागतात, महाराष्ट्रात १९५० च्या कायद्यानुसार. दशांश देणाऱ्याने वार्षिक सभेत पाळकाच्या पगारावर किती आणि इमारत निधीत किती, हे विचारावं. फरशी बदलायला पैसे आहेत आणि पगार मागे पडलाय, असं मी पाहिलंय. आणि ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, आशा धरू नका. नव्या करप्रणालीत ती सूट नाहीच, जुन्यातही ट्रस्टला ८०जी मान्यता लागते आणि दोन हजारांवरची रोख चालत नाही.

निवृत्त मास्तर:
सगळं बोलून झालं, पण ज्यांच्या औषधावरून वाद आहे त्यांना कुणी विचारलं का?

नगरची लेक:
काल विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "माझं औषध देवाच्या पैशातून नको, मी काय मंडळीवर पडलेय का?" मास्तर, खूश होऊ नका, पुढचं ऐका. मुलाकडे वळून म्हणाल्या, "आणि तू यंदा लिलावात बोली लावायची नाही. मागच्या वर्षीचा भोपळा माझ्या महिन्याच्या गोळ्यांएवढा पडला." यजमान गप्प.

पाळकाची मुलगी:
लिलावाला हात लावू नका हो. तुमच्या पाळकसाहेबांना पगार वेळेवर मिळतो का, ते आधी विचारून घ्या.