उपग्रहाची फाईल वाचताना एक्सअ‍ॅरेवर किती विसंबायचं?

रात्रपाळी: नवशिक्यांना माझं एकच सांगणं असतं: सुरुवातीला एक्सअ‍ॅरेला (आकड्यांचे तक्ते वाचणारी पायथॉनची लायब्ररी) हात लावू नका, फाईल हाताने वाचा. ओपन-डेटासेट (फाईल उघडण्याची आज्ञा) म्हटलं की स्केल (साठवलेल्या आकड्याला गुणायचा गुणक) आपोआप लागतो, फिल व्हॅल्यूच्या ('माहिती नाही' सांगणाऱ्या आकड्याच्या) जागी नॅन ('आकडा नाही' अशी खूण) बसतं, आणि फाईलमध्ये मुळात काय होतं ते कळतच नाही.

मॉडिस या नासाच्या उपग्रहांवरच्या उपकरणाचं ढगमाथ्याचं तापमान घ्या (फाईलचा प्रकार एमओडी०६). स्केल ०.०१, अ‍ॅड-ऑफसेट (वजा वा अधिक करायचा आकडा) उणे १५०००. पिक्सेलमध्ये १०००० असेल तर मॉडिसच्या रीतीने आधी ऑफसेट वजा करायचा, मग गुणायचं: २५० केल्विन. एक्सअ‍ॅरे सीएफच्या (हवामान-डेटाच्या फाईलींसाठीच्या सर्वमान्य संकेतांच्या) रीतीने आधी गुणतं, मग ऑफसेट मिळवतं. उत्तर उणे १४९००! नाव एकच, अर्थ निराळा.

गाळीव_पिक्सेल: उणे १४९०० केल्विन बघून शेंबडं पोरही म्हणेल, काहीतरी बिनसलंय. मला धास्ती पटण्यासारख्या चुकांची. मी एकदा जमिनीचं तापमान (एमओडी११ए१) हाताने वाचलं. ०.०२ ने गुणलं, पण तिथे ० म्हणजे 'माहिती नाही' हे विसरले. ढग जेमतेम ३ टक्के पिक्सेलांवर. ३०० ची सरासरी २९१ झाली आणि मी थंडीची लाट म्हणून आलेखही रंगवला. एक्सअ‍ॅरेने ते शून्य आपणहून गाळलं असतं.

रात्रपाळी: चूक विसरण्याची, हाताने वाचण्याची नव्हे. बरं, दर्जाच्या थराचं काय? त्या थरात, म्हणजे क्यूसीमध्ये, शेवटचे दोन बिट तपासायचे असतात. त्या थराला फिल व्हॅल्यू असली की एक्सअ‍ॅरे पूर्णांकांचे फ्लोट (दशांश आकडे) करून टाकतं, आणि ते दोन बिट वेगळे काढायला '& ३' लिहिलं की एरर.

चहाटळ: मधेच एक. एमओडी११ एच५पायने (पायथॉनची आणखी एक लायब्ररी) उघडत नाही म्हणून फाईल पुन्हा पुन्हा उतरवून घेणाऱ्यांनो, ती एचडीएफ४ या जुन्या प्रकारची आहे. एच५पायला फक्त एचडीएफ५ कळतं. एचडीएफ४ वाचणारं पायएचडीएफ घ्या. चालू द्या.

गाळीव_पिक्सेल: बिटांचं मान्य. पण त्यासाठी मास्क-अँड-स्केल फॉल्स केलं (म्हणजे आपोआप गाळणं-गुणणं बंद केलं) की झालं, अख्खं एक्सअ‍ॅरे कशाला टाकायचं? नवी फाईल मी आधी तशीच उघडते, एका पिक्सेलचं गणित कागदावर करते आणि मग आपोआपच्या उत्तराशी ताडून बघते.

रात्रपाळी: मग मी वेगळं काय सांगत होतो?

गाळीव_पिक्सेल: तुम्ही सगळेच पिक्सेल कागदावर करायला लावत होतात.