डुकराची किडनी बसवली तर त्याचे रोग घरात येतात का?

सांगलीचा मेहुणा
आमच्या दाजींचं मिरजेत डायलिसिस चालू आहे, आठवड्याला तीन वाऱ्या. ताकसुद्धा मापून. पुण्याच्या झेडटीसीसीच्या (अवयव वाटपाचं केंद्र) यादीत नाव आहे, नंबर कधी लागेल देव जाणे. अमेरिकेत डुकराची किडनी बसवतात हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं. दाजी माळकरी. म्हटलं, चालेल का? तर म्हणाले, "आत बसवायचीय, ताटात नाही घ्यायची." ताईला मात्र धास्ती, डुकराचा विषाणू येऊन पोरांना लागला तर?

तासगावचा जनावरांचा डॉक्टर (निवृत्त)
ताईंचा प्रश्न रास्त आहे. उकिरड्यावरचं डुक्कर डोळ्यांपुढे आणू नका, ही बंदिस्त जागेत वाढवलेली असतात. तरी गफलत होते. जानेवारी 2022 मध्ये बाल्टिमोरला डेव्हिड बेनेट यांना डुकराचं हृदय बसवलं. डुकराच्या नाकातला स्वॅब आधी तपासला होता, निगेटिव्ह. पण डुकरांतला सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आत दडी मारून होता. दोन महिन्यांत माणूस गेला. त्यांच्या स्वतःच्या पेशींना लागण दिसली नाही, पण हृदय बिघडण्यात त्याचा हात असावा असा संशय आहे. नाकात नाही म्हणजे अंगात नाही, असं जनावरांत कधीच धरू नये. यावरचा तोडगा आमच्या धंद्यातलाच. आईकडून लागण व्हायच्या आत पिल्लं तिच्यापासून लवकर तोडायची.

पीईआरव्ही या डुकराच्या दुसऱ्या विषाणूचं तसं नाही. तो डुकराच्या जनुकांतच असतो, पिढ्यानपिढ्या. 1997 मध्ये प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींना त्याची लागण झाली. जित्या माणसाला झाल्याची नोंद नाही. मार्च 2024 मध्ये बोस्टनला बसवलेल्या किडनीत 69 जनुकीय बदल होते, त्यातले 59 फक्त हा विषाणू निकामी करायला.

रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, म्हणून तिकडे आयुष्यभर तपासण्या. आणि रुग्णासह जवळच्या घरच्यांनाही रक्तदान बंद.

वाईकर
आमच्या महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या, 2020 चे नमुने. मलेशियात 1998-99 ला तो डुकरांतूनच माणसांत आला ना?

तासगावचा जनावरांचा डॉक्टर (निवृत्त)
हो. वटवाघळाकडून डुकराला, डुकराकडून माणसाला. म्हणून तर या डुकरांना मोकळं आभाळ दिसत नाही.

सांगलीचा मेहुणा
ताईला सगळं वाचून दाखवलं. विषाणूचं राहिलं बाजूला, "मला पण रक्त देता येणार नाही?" एवढंच विचारत बसली. दर गणपतीत मंडळाच्या शिबिरात पहिला नंबर तिचा. दाजींना किडनी द्यायला निघाली होती, तेव्हा रक्तगटच आडवा आला. असो, पहाटे पाचला मिरजेला निघायचंय.