बोन स्कॅन मिरजेत, की फ्लोराइड पेटसाठी पुणे?

कृष्णाकाठ: वडील ७४ वर्षांचे, सांगलीत. प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. हाडात उतरलाय का बघायला डॉक्टरांनी साधा बोन स्कॅन सांगितलाय, मिरजेत. पुण्याचा मेहुणा म्हणतो, त्यात टोचतात ते किरणोत्सारी टेक्निशियम जुनं झालं, इकडं आणा, किरणोत्सारी फ्लोराइड टोचून पेट स्कॅन (पीईटी) करू. मला काही ते पटत नाही. एवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसाला कशाला हलवायचं?

हळदव्या: मेहुण्याचं ऐका. फ्लोराइड हाडाच्या खनिजात थेट जाऊन बसतं, रक्तातनं झटकन निघून जातं. तासाभरात स्कॅन. तुमच्या टेक्निशियम-एमडीपीला (एमडीपी म्हणजे टेक्निशियमला हाडापर्यंत नेणारं रसायन) इंजेक्शननंतर तीनेक तास थांबा. शिवाय पेटमध्ये मणक्यातला बारका डागही दिसतो. आणि जुनं कोण? फ्लोराइड १९६२ चं! पुढं शरीरातनं येणारे किरण टिपणारे गामा कॅमेरे आले, त्यांना टेक्निशियम सोयीचं पडलं, म्हणून फ्लोराइड मागं पडलं.

मिरज_जंक्शन: बारका डाग दिसतो हीच तर भानगड. दोन्ही औषधं कॅन्सर दाखवत नाहीत, हाड कुठं नव्यानं बनतंय ते दाखवतात. माझ्या आईच्या फ्लोराइड पेटमध्ये गुडघे, कंबर, पडून मोडलेली बरगडी, सगळंच उजळलेलं. दोन दिवस घरात कुणाला जेवण गेलं नाही. एमआरआय केल्यावर कळलं, संधिवात.

हळदव्या: एमडीपीतही गुडघे उजळतातच की.

मिरज_जंक्शन: उजळतात, पण इतकं बारीकसारीक नाही.

गामागडी: असे स्कॅन करणाऱ्या खात्यातच नोकरी करतो, म्हणून बोलतो. फ्लोराइडमधल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायचा वेळ, ११० मिनिटं. ते पुण्याहून इकडं आणायचं म्हटलं आणि गाडीनं साडेचार तास लागले, तर १०० तले १८ उरतात. टेक्निशियमचं ६ तास, आणि ते जागेवरच मिळतं. जनरेटर नावाच्या डब्यात मॉलिब्डेनम असतं, ६६ तासांच्या अर्धायुष्याचं, त्याचं टेक्निशियम होत राहतं, ते रोज काढायचं. त्या डब्याला गाय म्हणतात, काढण्याला धार. आपल्याकडं हे वेगळं समजावावं लागत नाही.

हळदव्या: २००९ मध्ये मॉलिब्डेनम बनवणारी कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी बंद पडली, तेव्हा जगभर गाई आटल्या होत्या, ते पण सांगा!

गामागडी: खरंय. पण आज इथं धार निघतेय ना? आधी साधा स्कॅन करा, सोबत स्पेक्ट-सीटी (गामा कॅमेरा फिरवून घेतलेली त्रिमिती चित्रं आणि सीटी एकत्र) होते का विचारा. शंका राहिली तर पुणं आहेच.

कृष्णाकाठ: वडील शेजारीच बसून ऐकतायत. विचारतात, मधे लघवीला सोडतात का?

गामागडी: सोडतात काय, पाठवतातच. भरपूर पाणी पाजतात आणि टेबलावर घेण्याआधी परत जाऊन यायला लावतात. मूत्राशयात औषध साठलं तर ओटीपोटाचं हाड झाकतं, आणि काकांचं नेमकं तेच बघायचंय. जुन्या पडझडीचे एक्स-रे असले तर पिशवीत टाका.