आज्याची पंपवाली बावीस, आता काय करावं?

उदगीरचा_पाहुणा
राम राम मंडळी. आमच्या आज्याची एक बावीस बोअरची (0.22 इंची बारीक काडतुसाची) रायफल हाय घरी, नळीखालचं लाकूड मागं ओढून पुढं ढकललं की काडतूस चढतं, नळी गोल नाही आठ कोनी, घोडा बाहेरच आन अजून पडतो. विंचेस्टर मॉडेल 1890 असं लिहिलंय. ट्रंकेत निजामाच्या काळातला उर्दू परवाना बी घावला, नंतरचा वडलांच्या नावावर, आन वडील मागच्या महिन्यात गेले. धाकटा भाऊ म्हणायलाय पॉलिश मारून भिंतीला लावू, मला मात्र असल्या जुन्या अमेरिकन रायफलींचा नाद लागायलाय, अजून दोन-चार जमवाव्या म्हणतो. जमल का?

काळा_कोट_नांदेड
नाद नंतर. परवानेवाला माणूस गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, लगेच पोलीस ठाण्यात नाहीतर लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करा आन पावती घ्या. मग वारस म्हणून अर्ज, बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते, बहिणींची बी.

जुनाट_लोखंड
भारी चीज हाय राव! ब्राऊनिंग भावांचं डिझाईन, 1932 पर्यंत निघाली, साडेआठ लाखाच्या आसपास. अमेरिकेत जत्रेतल्या नेमबाजीच्या दुकानात हीच असायची. आधी नळीवर काडतूस कोणतं लिहिलंय ते बघा, कारण ह्यात शॉर्ट, लाँग, लाँग रायफल (ही तिन्ही साधी बावीस काडतुसं) आन डब्ल्यूआरएफ (विंचेस्टरचं जरा जाड बावीस काडतूस) अशा काडतुसांच्या येगयेगळ्या बंदुका यायच्या, एकीचं दुसरीत चालत नाही. डब्ल्यूआरएफ असंल तर आजची साधी बावीस त्यात ढिली बसते, टरफल फुटतं. 1906 चं मॉडेल गोल नळीचं, स्वस्तातलं, त्यात तिन्ही साध्या बावीस चालायच्या (सुरुवातीला फक्त शॉर्ट). आन भावाला सांगा पॉलिशचा डबा फेकून दे म्हणाव, मूळचा निळा रंग घासला की जमवणाऱ्याच्या लेखी निम्मी किंमत गेली. नुसतं हलकं तेल.

बीडचा_बाब्या
अँटिक हाय की, परवाना कशाला लागतो?

काळा_कोट_नांदेड
हेच ऐकून लोकं फसतात. दुरुस्त करून बी उडणार नाही अशीच जुनी वस्तू सुटते, हिचा घोडा तर अजून पडायलाय. आन दोन-चार जमवायचं सोडा, 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, परदेशातून मागवणं तर 80 च्या दशकापासून बंद. आपल्याकडं ही वारशानं नाहीतर दुसऱ्या परवानेवाल्याकडून रीतसरच मिळते.

उदगीरचा_पाहुणा
ठाण्यात फोन केला, उद्या सकाळी बोलावलंय. नळीवर डब्ल्यूआरएफ निघालं. वडलांच्या डब्यात साधी बावीस काडतुसं होती, तरीच म्हणलं आम्हाला ती कधी उडवू दिली नाही. काडतुसं बी सोबतच जमा करतो. आता अडचण एकच, मोठी बहीण म्हणायलीय सही करते पण रायफल माझ्या नावावर करा.

जुनाट_लोखंड
ताईंना इथं मेंबर करून घ्या.