पायथॉनचा क्लास: एका उत्पादकाच्या नोंदी दुसऱ्याकडे का दिसतात?

प्रश्न

नमस्कार. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात सासऱ्यांचं दूध संकलन केंद्र आहे, हिशेब मी बघते. दर दहा दिवसांनी 86 उत्पादकांची बिलं काढताना दोन रात्री जातात, म्हणून पायथॉन ही संगणकाची भाषा शिकायला घेतली. लूप, फंक्शन इथवर जमलं. क्लासपाशी, म्हणजे एकसारख्या गोष्टी बनवायच्या साच्यापाशी, अडले.

'उत्पादक' नावाचा क्लास केला. क्लासच्या ओळीखाली लगेच दोन गोष्टी लिहिल्या: एकूण बरोबर शून्य आणि नोंदी बरोबर रिकामी लिस्ट. मग दूध घ्यायचं फंक्शन. त्यात आलेले लिटर सेल्फच्या, म्हणजे त्याच उत्पादकाच्या, 'एकूण'मध्ये मिळवते आणि सेल्फच्या 'नोंदी'ला अपेंड करते, म्हणजे शेवटी जोडते. उत्पादक कोड 14 चे साडेसहा लिटर घातले, कोड 22 चे चार. एकूण बरोबर आलं, 6.5 आणि 4. पण नोंदी छापल्या तर दोघांकडेही 6.5 आणि 4 दोन्ही! फंक्शन एकच, मग एकूण बरोबर आणि नोंदी चूक कशा? तीन दिवस त्याच बारा ओळी बघतेय. एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर गेलं तर केंद्रावर कोण विश्वास ठेवेल? कारण कळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि पुतण्या म्हणतो, आधी जावा शीक. सोडून तिकडे जाऊ का?

प्रतिसाद 1

ताई, मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवते. दरवर्षी वर्गात कुणीतरी इथेच अडतं.

क्लासच्या खाली थेट लिहिलेली लिस्ट एकदाच तयार होते आणि ती क्लासची असते. म्हणजे केंद्राच्या भिंतीला टांगलेली एकच वही. कोड 14 आला काय, 22 आला काय, अपेंड त्याच वहीत ओळ वाढवतं. 'एकूण'चं तसं होत नाही, कारण तिथे तुम्ही 'सेल्फचं एकूण बरोबर अमुक' असं नव्यानं ठरवता. त्या क्षणी त्या उत्पादकाचं स्वतःचं 'एकूण' तयार होतं आणि क्लासमधला शून्य जागच्या जागी राहतो. तुमचं एकूण बरोबर आलं म्हणूनच चूक लपली.

दोन्ही ओळी इनिटमध्ये न्या, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या त्या फंक्शनमध्ये, आणि दोन्हींच्या आधी सेल्फ आणि टिंब द्या. इनिट प्रत्येक नव्या उत्पादकासाठी चालतं, म्हणजे प्रत्येकाला स्वतःचं कोरं कार्ड. आधी एक करून बघा: आयडी फंक्शन वापरून दोघांच्या नोंदींचे आयडी, म्हणजे प्रत्येक लिस्टचा ओळख-आकडा, छापा. आत्ता एकच आकडा येईल, दुरुस्तीनंतर वेगवेगळे.

प्रतिसाद 2

बारा वर्षं जावातच काम करतोय, तरी सांगतो, आत्ता भाषा बदलू नका. जावात क्लासमध्ये लिहिलेलं फील्ड (तुमच्या 'एकूण', 'नोंदी'सारखं) मुळातच प्रत्येक ऑब्जेक्टचं, म्हणजे क्लासवरून बनवलेल्या एकेका उत्पादकाचं, वेगळं असतं, सामाईक हवं तर स्टॅटिक लिहावं लागतं. म्हणून ही चूक तिथे सहज होत नाही. पण तुम्हाला जे आज समजलं, क्लासचं काय आणि ऑब्जेक्टचं काय, ते तिथेही लागणारच. ही कल्पना जावाच्या खूप आधीची आहे. ओस्लोमध्ये डाल आणि न्यूगोर यांनी 1967 साली सिम्युला 67 मध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट आणले, जावा आली 1995 मध्ये.

एक विचारतो. गाय आणि म्हैस यांचं काय केलंय?

प्रश्नकर्तीचं उत्तर

आयडी छापले. खरंच एकच आकडा होता! इनिटमध्ये नेल्यावर दोन वेगळे आले, नोंदीही वेगळ्या झाल्या. मॅडम, भिंतीवरच्या वहीचं ऐकल्यावर लख्ख कळलं, मनापासून आभार.

दादा, गाय उत्पादक आणि म्हैस उत्पादक असे दोन क्लास उत्पादकाखाली करणार होते. इनहेरिटन्सच्या, म्हणजे एका क्लासाखाली दुसरा क्लास करायच्या, धड्यात तसंच दिलंय.

प्रतिसाद 2

तुमच्याकडे दोन्ही दूध घालणारं कुणीच नाही?

प्रश्नकर्तीचं उत्तर

आहेत की, अकरा जण. कोड 31 तर सकाळी दोन किटल्या आणतात, एक गाईची, एक म्हशीची. त्यांना कुठल्या क्लासात घालू?

प्रतिसाद 2

कुठल्याच नाही. गाय की म्हैस हे माणसाचं नाही, त्या किटलीचं आहे. 'नोंद' नावाचा वेगळा छोटा क्लास करा: तारीख, सकाळ की संध्याकाळ, प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). उत्पादकाच्या लिस्टमध्ये नुसते लिटर न घालता ही नोंद घाला. इनहेरिटन्सचा धडा राहू द्या, या कामाला तो लागत नाही.

प्रतिसाद 3

रक्कम दशांशात ठेवू नका. पायथॉनमध्ये 0.1 अधिक 0.2 केलं तर 0.30000000000000004 येतं. नोंदीची रक्कम निघाली की गोल करून पूर्ण पैशांत ठेवा, शंभरनं भाग फक्त बिल छापताना द्या. आणि निदान दोन बिलं होईपर्यंत कागदी रजिस्टर चालू ठेवा.

प्रश्नकर्तीचं उत्तर

रजिस्टर बंद करायला सासरे तयारच नाहीत, त्यामुळे ते राहील. काल रात्री 'नोंद' क्लास केला आणि कोड 31 च्या दहा दिवसांच्या चाळीस नोंदी रजिस्टरवरून घातल्या. गाईचे लिटर जुळले. म्हशीचे अर्धा लिटर कमी येत होते. शोधलं तर 7 तारखेची संध्याकाळची नोंद मीच रजिस्टरमध्ये चुकीच्या ओळीत लिहिली होती. आज संध्याकाळी ते दूध घालायला आले की त्यांना सांगून दुरुस्त करते.