मदत हवी आहे: नाकाबंदीत स्कूटरची डिकी उघडायला लावली, नकार देता येतो का?

परवा रात्री साडेअकराला आईची औषधं घेऊन घरी येत होतो. पुलाच्या उताराला बॅरिकेड. हवालदारांनी हात केला, मी गाडी बाजूला घेतो न घेतो तोच त्यांनी चावी काढून घेतली. लायसन्स, आरसी डिजिलॉकरमध्ये दाखवलं, ठीक म्हणाले. मग "डिकी उघड." मी म्हटलं, "साहेब, चावी तुमच्याकडेच आहे." इथे बहुतेक बिघडलं.

डिकीत रेनकोट, रिकामा डबा आणि औषधांची पिशवी. आईच्या झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम. एक पट्टी अर्धी कापलेली, नेमकी नावाची बाजू गायब. "कसल्या गोळ्या?" वरून गाडी "नशेच्या आहेत, चौकीत चल" वर आली. वीस मिनिटांनी बहिणीने चिठ्ठीचा फोटो पाठवला तेव्हा सोडलं. पावती नाही, नोंद नाही. पैसे कोणी मागितले नाहीत, हेही सांगतो.

कागद दाखवावे लागतात हे माहीत आहे. पण डिकी? नाही म्हटलं असतं तर? ऑगस्ट 2024 मध्ये मुंबईत एकाच्या खिशात पुडी ठेवताना पोलीस सीसीटीव्हीत दिसले, चौघे निलंबित झाले. ते आईच्या डोक्यात बसलंय, रात्री गाडी नेऊच देत नाही.

प्रतिसाद:
फौजदारी कोर्टात वकिली करतो म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम 130 कागदांपुरतं. चावी काढून घ्या असं त्या कायद्यात कुठेही नाही. गाडी अडकवायची तर 207, आणि तेही रजिस्ट्रेशन, लायसन्स, परमिट असलं काही नसेल तर.

डिकीसाठी संशयाला कारण लागतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम 185 खाली झडती असेल तर कारण आधी लिहायचं, प्रत 48 तासांत दंडाधिकाऱ्यांकडे. 105 प्रमाणे चित्रीकरणही त्यांनीच करायचं. नाक्यावर कोण करतंय म्हणा!

अमली पदार्थांच्या कायद्याचा हात मात्र लांब आहे. कलम 49 खाली संशयावरून वाहन थांबवून तपासता येतं, पण तो अधिकार साध्या शिपायाला नाही. राजपत्रित अधिकाऱ्यासमोर न्या म्हणायचा हक्क (कलम 50) अंगझडतीपुरता, डिकीला नाही. आणि अल्प्राझोलाम त्या यादीत आहे, तेव्हा त्यांची शंका अगदीच हवेतली नव्हती. औषध म्हणून एका वेळी 100 डोसपर्यंत जवळ ठेवायची मुभा त्याच कायद्याखालच्या नियमावलीत, नियम 66 मध्ये आहे.

पुढच्या वेळी शांतपणे एवढंच म्हणा: "साहेब, कारण नोंदवा, पंच बोलवा, मग उघडतो." चावी हिसकायला जाऊ नका. सरकारी कामात अडथळा लागला (जुन्या आयपीसीचं कलम 353, आता भारतीय न्याय संहितेचं 132) की डिकीचा मुद्दा बाजूलाच राहतो.

धागाकर्ता:
खूप आभार. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय. मेडिकलवाल्याला सांगून आलो, पट्टी कापताना नावाची बाजू आम्हाला दे. तो म्हणतो, "मग उरलेली मी कुणाला विकू?"